बावन्न वजा अडतीस बरोबर सव्वीस?

बावन्नातून अडतीस गेले, किती उरले? चौदा. तुम्हाला आलं, उत्तमच. आता हेच गणित घरातल्या तिसरी-चौथीतल्या पोराला घालून बघा. उत्तर 'सव्वीस' आलं तर लगेच डोक्याला हात लावू नका. त्यानं अंदाजपंचे ठोकलेलं नाही. एककाच्या घरात दोनातून आठ जात नव्हते, म्हणून त्यानं आठातून दोन वजा केले, सहा. पाचातून तीन गेले, दोन. झाले सव्वीस. 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हा नियम त्यानं इमानेइतबारे पाळला, फक्त चुकीच्या जागी.

उत्तर चोवीस आलं तर गोष्ट निराळी. दशक सुटा करायचं त्याला कळलंय, बारातून आठ घालवलेत, पण पाचाचे चार करायचे राहिलेत. आणि नव्वद आलं तर साहेबांनी चिन्हच पाहिलेलं नाही, बेरीज करून मोकळे झालेत.

म्हणजे एका वजाबाकीला तीन चुकीची उत्तरं, आणि तिन्हींची कारणं वेगळी. मोबाइलवरचं एखादं 'मॅथ्स क्विझ' मात्र तिघांनाही एकच लाल फुली दाखवतं. पोरगं काय समजतं? 'मला गणित येत नाही.' हे एकदा डोक्यात बसलं की काढायला दहावीपर्यंतची वर्षंही पुरत नाहीत. (मी मास कॉमला का आले, हे आता विचारू नका!)

चुका हा सगळ्या विषयाचा गाभा आहे, हे अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मांडलं. मुलांच्या वजाबाकीतल्या चुका म्हणजे प्रोग्राममधल्या 'बग'सारख्या असतात, एका ठरावीक पद्धतीनं पुन:पुन्हा होतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी 'बग्गी' नावाचा संगणकी खेळच केला. त्यात संगणक चुकीचं गणित करायचा आणि शिक्षक होऊ पाहणाऱ्यांनी नेमका बग ओळखायचा. त्याच्याही आधी, १९५३ मध्ये, मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले होते. आपलं उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळतच नाही, हे पाहून त्यांनी त्यावर यंत्र बनवायला घेतलं. यंत्रं बदलली. 'का चुकलं' हे सांगायचं काम बऱ्याचदा अजूनही कुणीतरी माणसानं आधी लिहून ठेवावं लागतं.

ते माणूस तुम्ही का नसावं?

आपल्या सोलापूर जिल्ह्यात याची नांदी झालेली आहेच. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो, स्वाध्याय उघडतो. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. बातमी बहुतेकांना तेवढीच आठवते, डॉलरची. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की, त्यांनी हाताशी होतं ते पुस्तक आणि पालकांच्या खिशातला फोन एवढ्यावर काम उभं केलं.

माढा जिल्ह्याच्या एका टोकाला, आपलं वळसंग दुसऱ्या, अक्कलकोटच्या वाटेवर. इकडचा प्रश्न थोडा वेगळाय आणि तो कुठल्याही बाहेरच्या अॅपला ठाऊक नाही. या पट्ट्यात बऱ्याच घरांत कन्नड बोलतात आणि पोरं मराठी शाळेत जातात. आता पस्तीस घ्या. मराठीत आधी 'पस' म्हणजे पाच ऐकू येतो, मग तीस. कन्नडमध्ये 'मूवत्तैदु', आधी तीस मग पाच, लिहितो त्याच क्रमानं. सोलापुरातल्या तेलुगू घरांतही असंच, दशक आधी. मग 'पस्तीस' ऐकून एखाद्यानं ५३ लिहिलं तर ती गणिताची चूक म्हणायची की भाषेची? २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' असंही वाचायची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? विधानसभेतही विषय गाजला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे आपली बाजू सांगत राहिल्या. कुणाला पटो न पटो, अडचण खरी होती. इकडच्या पोरासाठी तर दुप्पट खरी.

म्हणून स्वाध्याय बनवायचा तर इथल्याच कुणीतरी. खर्च शून्य. गुगल फॉर्म्स उघडा, सेटिंगमध्ये 'क्विझ' सुरू करा. बहुपर्यायी प्रश्न टाका आणि चुकीचे पर्याय उगाच भरताड म्हणून देऊ नका. १४ सोबत २६, २४ आणि ९० द्या. मग प्रत्येक पर्यायाला वेगळ्या विभागात पाठवायची सोय वापरा. २६ निवडलं की एक पान उघडेल: 'दोनातून आठ जात नाहीत ना? मग शेजारच्या दशकाकडून दहा मागून आण.' तिथून पुढच्या प्रश्नावर. ही युक्ती थोडी जुगाडू आहे, पण चालते. जरा पुढचं हवं असेल तर एचफाइव्हपी हे मोफत साधन आहे. त्यात प्रत्येक पर्यायाखाली वेगळा शेरा थेट लिहिता येतो. भूमितीसाठी जिओजेब्रा, तेही शिकण्यासाठी फुकट.

आकडे निवडताना मात्र डोकं लावा. ५८ वजा ३२ दिलंत तर 'मोठ्यातून लहान' करणाऱ्याचंही उत्तर बरोबर येईल आणि त्याचा घोळ तुम्हाला कधी कळणारच नाही. तसंच ०.३ आणि ०.४५ यांत मोठं कोणतं, असं विचारून उपयोग नाही. ०.३ आणि ०.१२ विचारा. बारा तीनापेक्षा मोठे, असं समजणारे लगेच सापडतील.

अजून एक खड्डा. उत्तर टाइप करायचा प्रश्न दिलात तर फॉर्म फक्त अक्षर न् अक्षर जुळवून बघतो. तुम्ही उत्तर इंग्रजी अंकांत भरलंय आणि पोरानं मराठी कीबोर्डवरून, पुस्तकात छापतात तसं, '३५' लिहिलं, तर बिचाऱ्याचं बरोबर उत्तर चूक ठरतं! दोन्ही रूपं उत्तरात भरून ठेवा. अर्ध्यासाठी १/२, ०.५, नुसतं .५, सगळी. मोठ्या विद्यापीठांत याच दुखण्यावर 'स्टॅक' नावाची प्रणाली वापरतात. ख्रिस सँगविन यांनी २००४ पासून ती उभी केली. ती उत्तराचं रूप न पाहता त्याची किंमत गणिती पद्धतीनं ताडून बघते. आपल्याला चौथीच्या वजाबाकीसाठी एवढी तोफ नको.

मुलांचे ईमेल, फोन नंबर गोळा करू नका, नुसतं नाव किंवा हजेरी क्रमांक पुरे. प्रश्न पाचच ठेवा. घरात फोन एकच असतो, तो बाबांबरोबर कामावर जातो आणि रात्री परत येतो तेव्हा चार्जिंग दहा टक्क्यांवर असतं. शेरे लिहिताना 'अरे, जवळ आलास' असं आपल्या बोलीत लिहा. कन्नड येत असेल तर कन्नडमध्येही दोन ओळी टाका, नाहीतर शेजारच्या अव्वाला विचारा. (आजीच्या हिशेबाचा वेग बघून तुम्हीच गार व्हाल.)

लिंक पाठवलीत, की दुसऱ्या दिवशी 'रिस्पॉन्सेस' उघडा. तिथं तक्ता दिसेल. त्यात २६ चा वाटा सगळ्यात मोठा निघाला, तर तो फोटो काढून शाळेतल्या बाईंना दाखवा. उद्याचा तास कशावर घ्यायचा, ते त्यांना दिसेल.