कंपनीचे कर्ज संचालकांच्या घरापर्यंत केव्हा पोहोचते?

नवी दिल्ली : कंपनी बुडाली, तर तिच्या संचालकांच्या खासगी मालमत्तेतून पैसे वसूल होऊ शकतात का? नोएडा व ग्रेटर नोएडा येथे आम्रपाली समूहाकडे घर नोंदवून वर्षानुवर्षे ताब्याची वाट पाहणाऱ्या सुमारे ४२ हजार ग्राहकांसाठी हा जिव्हाळ्याचा प्रश्न होता.

मूळ नियम संचालकांच्या बाजूचा आहे. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती असून तिचे कर्ज तिचेच असते. इंग्लंडमधील १८९७ च्या ‘सॉलोमन’ खटल्यात दृढ झालेले हे तत्त्व भारतानेही स्वीकारले आहे. भागधारकाचे दायित्व समभागाच्या न भरलेल्या रकमेपुरते असते. दहा रुपयांच्या समभागापोटी सहा रुपये भरले असतील, तर कंपनी अवसायनात निघाल्यावर त्याच्याकडे फार तर चार रुपये मागता येतात.

या संरक्षणाला प्रमुख अपवाद तीन. पहिला फसवणुकीचा. आम्रपाली प्रकरणात न्यायालयनियुक्त लेखापरीक्षकांना ग्राहकांचा पैसा अन्यत्र वळवल्याचे, तसेच शिपाई व वाहनचालकांच्या नावे कंपन्या काढल्याचे आढळले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये अध्यक्ष व संचालकांच्या वैयक्तिक मालमत्ता जप्त करण्याचा आदेश दिला. २३ जुलै २०१९ रोजी न्या. अरुण मिश्रा व न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने समूहाची ‘रेरा’ नोंदणी रद्द करून अपूर्ण घरांचे काम ‘एनबीसीसी’कडे सोपवले.

दुसरा अपवाद वैयक्तिक हमीचा. बँका कंपनीला कर्ज देताना बहुधा प्रवर्तकांची हमी घेतात. कंपनीची पुनर्रचना योजना मंजूर झाली, तरी केवळ तेवढ्याने हमीदार मुक्त होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी स्पष्ट केले.

तिसरा अपवाद करांचा. खासगी कंपनीकडून थकीत आयकर वसूल न झाल्यास तो त्या काळातील संचालकांकडून वसूल करता येतो. वसुली न होण्यास आपला गंभीर निष्काळजीपणा किंवा कर्तव्यच्युती कारणीभूत नाही, हे संचालकाला सिद्ध करावे लागते.

केवळ धंद्यात खोट आली म्हणून संचालकाचे घर धोक्यात येत नाही. बँकेच्या कागदपत्रांवरील स्वाक्षरी कंपनीच्या वतीने आहे की हमीदार म्हणून, हे मात्र ती करण्यापूर्वीच तपासणे आवश्यक ठरते.