डॉल्फिन आणि पोहता न येणारा प्रवासी

आखाडा बाळापूरहून सुट्टीत कोकणात जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना पोहता येत नाही. तरीही मालवण-तारकर्लीच्या समुद्रात डॉल्फिन दिसले की त्यांच्याबरोबर पाण्यात उतरण्याचा मोह होतो. तो आवरणेच इष्ट.

डॉल्फिन हा मासा नव्हे, सस्तन प्राणी होय. त्याला कल्ले नसतात, फुप्फुसे असतात. म्हणून श्वासासाठी त्याला वारंवार पाण्यावर यावेच लागते. त्यामुळे होडीत बसूनही तो सहज दिसतो.

होडीत जीवरक्षक जाकीट मात्र हवेच. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधतात, त्याचेच तत्त्व येथे आहे. हलक्या वस्तूला पाणी वर ढकलते व माणूस तरंगतो. पट्टे सैल असतील तर जाकीट वर सरकते आणि माणूस खाली जातो. शिवाय जाकीट तरंगवते, पण प्रवाहाची ओढ थांबवीत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने डॉल्फिनला संरक्षण आहे. २०१३ साली केंद्र सरकारने डॉल्फिन कोंडून खेळ करण्यासही मनाई केली. म्हणून नावाड्याला होडी त्यांच्यामागे पिटाळण्याचा आग्रह करू नये. अंतर राखून, शांत बसून वाट पाहावी. श्वासासाठी ते पुन्हा वर येतातच.