चौकटीच्या कडेला (लेख सातवा) : येवल्याची अंबू

१९५२ साली 'दाग'मध्ये ललिता पवार दिलीपकुमारच्या आई झाल्या, तेव्हा त्यांचं वय ३६ होतं आणि दिलीपकुमारचं २९. तीन वर्षांनी 'श्री ४२०'मध्ये राज कपूरला पोटच्या पोरासारखं जवळ करणारी केळीवाली गंगामाई ३९ वर्षांची होती, तर तो 'पोर' तिशीचा. १९६१च्या 'जंगली'त शम्मी कपूरला घरात हसायची बंदी करणारी आई पंचेचाळिशीची. सात वर्षांनी धाकट्या माणसाला 'बेटा' म्हणायचं आणि थिएटरातल्या हजारभर लोकांना त्यात काही खटकू द्यायचं नाही, हे काम काय आहे, ते या लेखात पाहायचं आहे.

गेल्या सहा लेखांत आपण पुरुषांबद्दलच बोललो. मुनीम, इन्स्पेक्टर, नायकाचा मित्र, खलनायकाचा उजवा हात. बायकांकडे वळायचं तर सुरुवात ललिताबाईंपासूनच करावी लागते. माहेरही आपल्या टप्प्यातलं आहे. सिल्वाशाहून खानवेलमार्गे वर चढलं, जव्हार आणि त्र्यंबक ओलांडून नाशिक गाठलं आणि पुढे पूर्वेला गेलं की येवला. पैठणीचं आणि तात्या टोप्यांचं येवला. तिथे १८ एप्रिल १९१६ रोजी लक्ष्मणराव शगुण यांच्या घरी अंबिका ऊर्फ अंबू, म्हणजे पुढे ललिता पवार झालेली मुलगी, जन्मली. वडील रेशमाच्या आणि सुती कापडाच्या व्यापारात होते.

अंबिका पुण्यात आली आणि आर्यन फिल्म कंपनीच्या मूकपटांत बालकलाकार म्हणून उभी राहिली. १९२८च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये ती होती. मूकपटात आवाज लागत नाही, पण बाकी सगळं लागतं. चेहरा लांबून वाचता आला पाहिजे, हात काय करतात हे कळलं पाहिजे, चालण्यावरून स्वभाव ओळखू आला पाहिजे. या शाळेत ती दहा-बारा वर्षांच्या वयात शिकली. पुढे अंबूच्या नावावर मारधाडीचे पट लागले. १९३१चा 'दिलेर जिगर' हा त्यातला एक. आपल्याकडचे बहुतेक मूकपट नष्ट झाले, हा मात्र वाचला. सासू-मंथरेच्या पलीकडे ललिताबाई ज्यांना माहीत नाहीत, त्यांनी तो पाहावा. तलवारी, उड्या, वेषांतर, आणि मध्यभागी ही चपळ पोरगी.

बोलपट आला तेव्हा कित्येक मूक नायिका मागे पडल्या, कारण त्यांची हिंदुस्थानी कच्ची होती किंवा गळा साथ देत नव्हता. ललिताबाई टिकल्या. त्या गात होत्या. १९३५च्या 'हिम्मत-ए-मर्दां'त नायिकाही त्याच आणि गाणीही त्यांचीच. शिवाय पैसे घालून चित्र काढायची हिंमत होती. 'कैलास' या १९३२च्या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता आणि पुढे टॉलस्टॉयच्या 'रिसरेक्शन'वरून 'दुनिया क्या है' हा बोलपट त्यांनी काढला. विशी-बाविशीतली मराठी बाई टॉलस्टॉयची कादंबरी उचलते आणि तिचं हिंदी चित्र करते, ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही. आपल्याला थपडेची गोष्ट जास्त आवडते.

तर ती थप्पड. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात मास्टर भगवानना ललिताबाईंच्या थोबाडीत मारायची होती. पुढे 'अलबेला' काढणारे हेच भगवानदादा. हात जोरात बसला. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याची शीर फुटली, उपचार लांबले आणि तो डोळा कायमचा बारीक राहिला. इथून पुढची कथा सगळीकडे एकाच साच्यात सांगतात : नायिकेचं करिअर संपलं, तिरप्या डोळ्यामुळे खाष्ट सासूची कामं मिळाली, वाईटातून चांगलं झालं.

मला ही कथा पटत नाही, आणि तेही चित्रांच्या तारखांमुळे. अपघातानंतर दोनच वर्षांनी, १९४४ला प्रभातचा 'रामशास्त्री' आला. गजानन जागीरदारांचा रामशास्त्री, आणि आनंदीबाई ललिता पवार. 'ध'चा 'मा' करणारी म्हणून मराठी घरात जिचं नाव घेतात, ती ही पेशवीण. प्रभातसारखी चोखंदळ कंपनी केवळ डोळा बारीक झाला म्हणून कुणाला शनिवारवाड्यात बसवणार नाही. त्या भूमिकेला महत्त्वाकांक्षा हवी होती, बोलण्यात धार हवी होती, आणि कट शिजत असताना चेहऱ्यावर काही न दाखवण्याची ताकद हवी होती. ती आधीपासून होती. डोळा हा पुढे त्यांच्या हातातला एक जिन्नस झाला, एवढंच.

दुसरं कारण धंद्याचं आहे. प्रभात, बॉम्बे टॉकीज अशा कंपन्यांत नट महिन्याच्या पगारावर असत. आज राजा, उद्या भालदार, पगार तोच. युद्धानंतर या कंपन्या खिळखिळ्या झाल्या आणि स्वतंत्र निर्माते पुढे आले. नायक-नायिका करारावर, आकडे चढते. बाकीच्यांना मात्र दिवसांच्या आणि तारखांच्या हिशोबाने काम. सकाळी एका स्टुडिओत सासू, दुपारच्या शिफ्टला दुसऱ्या स्टुडिओत विधवा आई. अशा वेळी निर्मात्याला हवा असतो तो पहिल्याच टेकमध्ये ओके देणारा नट, कारण महागड्या नायकाचा वेळ फुकट जाता कामा नये. आपण ज्यांना 'कॅरेक्टर आर्टिस्ट' म्हणतो, तो वर्ग या व्यवहारातून पक्का झाला. सात दशकांत सातशेच्या आसपास चित्रं, असं ललिताबाईंबद्दल लिहिलं जातं. आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण दोन-दोन शिफ्टचा हिशोब मांडला की तो अशक्य वाटत नाही.

सासू पक्की झाली ती १९५०च्या 'दहेज'मध्ये. व्ही. शांतारामांचं चित्र, पृथ्वीराज कपूर मुलीचा बाप, जयश्री सून आणि ललिताबाई हुंडा मागणारी सासू. मग तो शिक्काच बसला. १९५५ला गुरुदत्तच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये त्या झाल्या सीतादेवी, मधुबालेची श्रीमंत आत्या, स्त्रियांच्या हक्कांवर भाषणं देणारी. हिंदू विवाह कायद्याचं हे वर्ष. चित्र या बाईची टर उडवतं, आणि माझ्या मते तिथे गुरुदत्त चुकला आहे. पण ललिताबाईंनी तिला विदूषक होऊ दिलं नाही. पाठ ताठ, बोलणं मोजकं, समोरच्या पुरुषाला खुर्ची न देता उभं ठेवायची रीत. चित्राचं मत काहीही असो, ही बाई हरलेली वाटत नाही.

त्याच वर्षी आलेली गंगामाई नेमकी उलटी. आपलं सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ला पोर्तुगीजांच्या ताब्यातून मोकळं झालं (मुक्तीसाठी लढणाऱ्या तुकड्यांमध्ये सुधीर फडकेही होते, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको), आणि पुढच्याच वर्षी 'श्री ४२०' पडद्यावर आला. फुटपाथवर केळी विकणारी बाई, नव्याने शहरात आलेल्या पोराशी भावावरून हुज्जत घालते आणि त्या हुज्जतीतच त्याची आई होऊन बसते. माया दाखवायला तिला एकही मवाळ वाक्य लागत नाही.

हीच युक्ती टोकाला नेली 'अनाडी'त. १९५९, दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी. मिसेस डिसा, मुंबईतली ख्रिस्ती घरमालकीण. भाडं थकलं म्हणून भाडेकरू राजवर सतत खेकसणारी, आणि पाठीमागे त्याच्या जेवणाची काळजी करणारी. आपल्याकडे चर्चच्या आसपास राहिलेल्या कुणालाही ही आंटी अनोळखी वाटणार नाही. चालण्यातली लगबग, हिंदीला बसलेला वेगळा हेल, रागाच्या मध्येच येणारा थांबा. आता त्या डाव्या डोळ्याकडे बघा. 'दहेज'मध्ये जो डोळा विखारी वाटला, तोच इथे हसू दाबून धरल्यासारखा दिसतो. डोळा तोच आहे. खांदे, मान आणि आवाज बदलले की प्रेक्षक त्याचा अर्थ बदलून घेतो. भेसळीचं औषध पिऊन मिसेस डिसा मरते, खुनाचा आळ राजवर येतो आणि चित्राचा शेवट तिच्या मरणावर उभा राहतो. या भूमिकेला सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. १९६१ला संगीत नाटक अकादमीनेही त्यांना गौरवलं. हृषीदांना ही बाई इतकी भावली असावी, की १९७१च्या 'आनंद'मध्ये कडक मेट्रन म्हणून त्यांनी ललिताबाईंनाच घेतलं आणि आडनाव पुन्हा डिसा ठेवलं.

मला स्वतःला सर्वांत जास्त आवडतो तो 'प्रोफेसर', १९६२चा. तरण्या शम्मी कपूरला नोकरीसाठी म्हाताऱ्या प्रोफेसराचं सोंग घ्यावं लागतं, कारण घरच्या करारी सीतादेवीला वयस्कर मास्तरच हवा असतो. मग ती बाईच त्या खोट्या म्हाताऱ्यावर भाळते. आधी बारा वर्षं प्रेक्षकांना ज्या चेहऱ्याची धास्ती बसली होती, तोच चेहरा आरशासमोर नटताना दिसतो. हसू येतं, पण पुढे लाज वाटते, कारण हसणाऱ्यांनी एका एकट्या बाईची फसवणूक पाहिलेली असते. विनोदी चित्रात एवढी जागा स्वतः काढून घेणं सोपं नाही.

मंथरा त्यांनी दोनदा केली. एकदा १९६१च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये, आणि नंतर दूरदर्शनवर रामानंद सागरांच्या मालिकेत, जी जानेवारी १९८७ला सुरू झाली. तेव्हा ललिताबाई सत्तरीच्या होत्या. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, एका घरच्या टीव्हीसमोर अख्खी चाळ बसायची. त्या पिढीतल्या मुलांनी 'मिसेस डिसा' कधी पाहिलीच नाही. त्यांना फक्त कुबड, काठी आणि तो डोळा आठवतो, आणि ललिता पवारांबद्दलचा गैरसमज मला वाटतं तिथेच पक्का झाला.

२४ फेब्रुवारी १९९८ला पुण्यात औंधच्या घरी त्या गेल्या. घरात त्या वेळी कुणी नव्हतं, आणि बाहेर कळायला दोन दिवस लागले.

ललिताबाईंच्या अगदी उलट्या वळणाची आई पुढच्या आठवड्यात. ती आपल्या शेजारच्या वलसाडची, १९३१चा जन्म, १९४६ला 'रणकदेवी' या गुजराती चित्रातून आलेली आणि १९७५च्या 'दीवार'नंतर अख्ख्या देशाची माता झालेली निरुपा रॉय. ललिताबाईंना प्रेक्षक घाबरायचे, निरुपाबाईंच्या पाया पडायचे. दोघींच्या मानधनात आणि भूमिकांत त्याने काय फरक पडला, ते तेव्हा पाहू. तोवर 'अनाडी' मिळाला तर पाहून ठेवा, तुलना करायला सोपं जाईल.