तापलेले रान आणि लेसरचा किरण

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबनचा परिसर चुनखडी आणि कोळशाचा आहे. खाणींच्या मोजणीत आता ‘टोटल स्टेशन’ हे यंत्र रूढ झाले असून, त्यातून निघालेला लेसर किंवा अवरक्त किरण दूरच्या प्रिझमवरून परतला की त्यावरून अंतर काढले जाते. किरणाची वाट सरळ आणि स्थिर आहे, असे यात गृहीत असते. वैशाखातल्या दुपारी, नांगरून उघड्या पडलेल्या काळ्या रानावर, ते गृहीत डळमळते.

काळी माती ऊन शोषून वरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. तिला लागलेली हवा हलकी होऊन वर चढते, तुलनेने थंड हवा खाली येते, आणि या घुसळणीतून काही मिलिमीटरांपासून काही मीटरांपर्यंतचे, वेगवेगळ्या तापमानाचे भोवरे उठतात. हीच वातावरणीय प्रक्षुब्धता होय. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाचे वळणे ज्यावर ठरते तो गुणांक, दर अंश सेल्सिअसला सुमारे एक दशलक्षांश इतकाच बदलतो. पण वाटेत असे असंख्य भोवरे लागले की किरणाचा ठिपका सरकतो, पसरतो आणि लुकलुकतो. तारे लुकलुकतात तेही याच कारणाने.

हवामान वृत्तातील कमाल तापमानावरून याचा अंदाज बांधणे मात्र फसवे आहे, कारण निर्णायक असतो तो जमीन आणि हवा यांच्या तापमानातील फरक. त्यामुळे हिवाळ्यातील निरभ्र दुपारही किरणाला जाचते, तर आषाढातल्या ढगाळ दिवशी, ऊन अडलेले आणि ओल्या मातीची उष्णता बाष्पीभवनात खर्च होत असल्याने, तो बराच स्थिर राहतो. (धुके आणि मुसळधार पाऊस प्रकाशच अडवतात, तो दोष निराळा.) सूर्योदयानंतर थोड्या वेळाने आणि सूर्यास्ताच्या थोडे आधी हा फरक जवळजवळ नाहीसा होतो व प्रक्षुब्धता किमान असते.

तापलेल्या हवेचा हा जाच लेसरच्या पुष्कळ आधीचा आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्ब्टन यांचे १८२३ साली मुकुटबनच्या उत्तरेस हिंगणघाट येथे निधन झाले. त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे दिवसाच्या हवेचा हा त्रास टाळण्यासाठी रात्री दिवे लावून वेध घेण्याची पद्धत अवलंबिली. आज हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे नियोजित असलेल्या, गुरुत्वीय लहरी टिपण्याच्या लायगो-इंडिया प्रकल्पात हवाच टाळण्यासाठी लेसर ४ किलोमीटर लांबीच्या निर्वात नळ्यांतून जाणार आहे. खाणीच्या मोजणीला ती सोय नाही. तेव्हा उन्हाळ्यात महत्त्वाची मोजणी सकाळीच उरकावी आणि किरण जमिनीपासून शक्य तितका उंच ठेवावा, हेच श्रेयस्कर.