फोनला शेत दाखवावं, पण किती?



पेरणी आटोपली की पीक पाहणी येते. २०२१ पासून राज्यात ही नोंद आपण स्वतः मोबाइलवर करू लागलो. गटात उभं राहून फोटो काढला की फोन उपग्रहांच्या मदतीनं जागा ओळखतो. सातबाऱ्यावर पीक लागायचं तर नेमकी जागा द्यायलाच हवी. पण काम झाल्यावर इतर ॲपांनाही तीच मोकळीक राहिली तर?

आता तुम्ही म्हणाल, शेत काय लपवायची वस्तू आहे? शेत नाहीच. पण फोन तुमचाही माग ठेवतो. रोज रात्री तो जिथं पडून असतो ते तुमचं घर. रात्रीची लाइट असली की दोन वाजता तो विहिरीवर, म्हणजे वस्तीवर बायका-पोरंच आहेत. बाजारादिवशी तो तालुक्याला, म्हणजे मोटारीजवळ कुणी नाही. आठवडाभराचा असा माग कुणाच्या हाती पडला तर वेगळं नाव सांगावं लागत नाही. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपनं २०१७ साली लोकांच्या धावण्याच्या वाटांचा नकाशा नावं वगळून प्रसिद्ध केला. २०१८ च्या जानेवारीत त्यावरूनच अफगाणिस्तान, सीरियातले लष्करी तळ लोकांनी ओळखले.

तेव्हा परवानगी कामापुरती द्या. ॲपनं जागा विचारली की 'ॲप वापरत असताना' किंवा 'फक्त या वेळी' यावर बोट ठेवा. अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनात 'अचूक' की 'अंदाजे' असंही विचारतात. हवामानाला अंदाजे पुरतं. पाऊस काही बांध बघून पडत नाही. विजेरीच्या ॲपला मात्र आपली जागा हवीच कशाला? सरळ नाही म्हणा.

'दामिनी'ची गोष्ट निराळी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं हे ॲप आपल्या आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. त्याला जागाच कळली नाही तर इशारा देणार कुठला? वळवापासून परतीचा पाऊस सरेपर्यंत त्याची परवानगी काढू नका.

टेंपोवाल्याला शेत दाखवायचं असेल तर व्हॉट्सॲपवर आहे ती जागा पाठवली की झालं. 'लाइव्ह' पाठवलं तर तुम्ही जाल तिथं तो तुम्हाला बघत राहतो. लागलंच तर १५ मिनिटांचं द्या, ८ तासांचं नको.

फोनच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन' उघडलं की कुणाकुणाला परवानगी दिली त्याची यादी दिसते. आज संध्याकाळी घरातल्या शाळकरी पोराला घेऊन ती एकदा वाचून काढा.