दुधाच्या हिशेबाशेजारी रक्तदाबाची वही

दवाखान्यात दंडाला पट्टा बांधला की काहीजणींच्या छातीत धडधडतं नि आकडा चढतो. घरी मात्र सगळं ठीक! काहींचं नेमकं उलट. दवाखान्यात आकडा चांगला, पण घरच्या धावपळीत तो वर गेलेला कुणाला कळतच नाही. रक्तदाब झोपेत उतरतो, सकाळी चढतो. म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नका.

घरी दंडाचं यंत्र असेल तर ७ दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. सकाळी गोळी घेण्याआधी, नि चहानंतर निदान अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून ५ मिनिटं स्वस्थ बसा. दंड छातीच्या पातळीत हवा. बोलू नका. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे वेळेसह लिहा.

पहिला दिवस सोडून सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर वही डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, धाप लागली किंवा बोलणं अडखळलं तर मात्र मोजत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

आणि आकडा उतरला म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका. अहो, तो गोळीमुळेच उतरलेला असतो!

दुधाचा, वाण्याचा हिशेब आपण चोख ठेवतो. हा स्वतःचा हिशेबही ठेवू या.