जुन्या भांड्याला नवी कल्हई

भंडाऱ्याचे नाव निघाले, की पितळी भांडी आठवतात. इथल्या जुन्या घरांतून आजही माळ्यावर आजीच्या रुखवतातले एखादे घंगाळ, एखादा हंडा सापडतोच. भांडे आतून काळवंडले, ताक कळकू लागले, म्हणून ते टाकून देण्याची रीत आपल्याकडे नव्हती. कल्हईवाला दारी येई, अंगणात भाता लावी, नवसागराचा धूर होई आणि कथिलाचा एक हात फिरताच भांड्याचे पोट चांदीसारखे लखलखू लागे. ज्या कासाराने तो हंडा घडवला, त्याने कधी घरी येऊन 'तुमच्या हंड्याची मुदत संपली, आता नवा घ्या' असे बजावल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

संगणकाचे मात्र तसे नाही. संगणकाच्या पोटात एक कारभारी बसलेला असतो. त्याला परिचालन प्रणाली म्हणतात. कळफलकावर बोट पडले, की ते अक्षर कुठे न्यायचे, फाइल कोणत्या फडताळात ठेवायची, छपाईयंत्राला केव्हा हाक मारायची, हा सारा कारभार त्याच्या हाती. बहुतेक घरांत हा कारभारी मायक्रोसॉफ्ट कंपनीचा विंडोज असतो. जुलै २०१५ मध्ये आलेल्या 'विंडोज १०' चा नियमित सांभाळ कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला; त्या साली धनत्रयोदशी अवघ्या चार दिवसांवर होती. कंपनीच्या बाजूने सांगायचे तर दहा वर्षे सांभाळ केला आणि जोडीला वर्षभराची वाढीव मुदतही देऊ केली. सांभाळ थांबला म्हणून संगणक बंद पडत नाही. पण नव्या चोरवाटा बुजवणारे कोणी उरत नाही. त्यापुढच्या 'विंडोज ११' ला सुरक्षेची एक विशिष्ट चकती आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. साधारण २०१७ च्या आधीची यंत्रे त्या पंगतीला बसत नाहीत.

आमच्या घरचा संगणक २०१३ सालचा. दुकानदार सज्जन माणूस. त्याने पेटी उघडली, फुंकर मारून धूळ उडवली आणि निदान सांगितले, "सर, मशीन ठणठणीत आहे, पन याच्यावर नवीन विंडोज चढत नाही जी. याले आता भंगारात द्या."

"ठणठणीत आहे, तर भंगारात कशाला?" मी विचारले. त्यावर तो नुसता हसला.

घरी आल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी हिशेब मांडला. कन्या अकरावीत, शिकवणीचे शुल्क डोक्यावर. त्यात नवा संगणक म्हणजे चाळीस हजारांची फोडणी. तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटीला आला. तो तुमसरकडे शाळेत शिक्षक आहे. तो म्हणाला, "सर, त्यात लिनक्स घालून पाहा ना. आमच्या शाळेतले सगळे जुने डबे त्याच्यावरच धावतात."

घरचे बियाणे

हा लिनक्स कोण, ते थोडक्यात सांगतो. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन या संगणकतज्ज्ञाने जाहीर केले, की आपण 'ग्नू' नावाची एक मुक्त प्रणाली उभारणार; ती कोणीही वापरावी, उघडून पाहावी, सुधारावी आणि दुसऱ्याला द्यावी. पुष्कळ काम झाले, पण कारभाराचा गाभा काही पुरा होईना. ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौसेखातर असा गाभा लिहीत असल्याचे जगाला कळवले. पुढच्याच वर्षी त्याने तो स्टॉलमनच्या मुक्त परवान्याखाली खुला केला. हा हा म्हणता हजारो हात लागले. आज जगातील पहिले ५०० महासंगणक घ्या. २०१७ पासून ते एकूण एक लिनक्सवर चालतात. इतके लांब तरी कशाला जायचे? तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनही त्याच गाभ्यावर उभा आहे.

मुक्त म्हणजे नुसते फुकट नव्हे. आमच्या धानाच्या मुलखात हे चटकन समजते. घरचे बियाणे असले, की ते पेरावे, त्यातले चांगले निवडून ठेवावे, बांधावरच्या शेजाऱ्याला पायलीभर द्यावे. कोणाची परवानगी लागत नाही. विकतच्या संकरित वाणाचे तसे नाही. पीक कदाचित जास्त येईल. पण पुढल्या मृगाला पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते. लिनक्स हे घरचे बियाणे आहे. म्हणूनच त्याचे वाणही पुष्कळ निघाले : १९९३ चे डेबियन, २००४ चे उबुंटू, २००६ चे लिनक्स मिंट. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवरूनच 'बॉस' नावाची भारतीय प्रणाली घडवली. केरळातील सरकारी शाळांतून तर मुले कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवरच शिकत आहेत.

प्रत्यक्ष खटाटोप

आम्ही मिंट निवडले, कारण त्याची बैठक विंडोजसारखी आहे : खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी. त्याला ४ जीबी स्मृती असली म्हणजे भागते. कृती अशी. आधी आपल्या सगळ्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. ही पायरी कोणी गाळू नये. मग दुसऱ्या संगणकावरून सुमारे ३ जीबीची प्रत उतरवून 'रुफस' किंवा 'एचर' यासारख्या साधनाने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. साधी नक्कल करून चालत नाही. मग संगणक सुरू होतानाच एक ठराविक कळ दाबावी आणि पेनड्राइव्हवरून तो उठवावा. कोणाकडे ती कळ एफ-१२ असते, कोणाकडे एफ-९.

इथे खरी गंमत आहे. काहीही पुसून न टाकता सगळी प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. मुलगी सासरी देण्यापूर्वी चार दिवस पाहुणी म्हणून राहून यावी, तसेच हे! आवाज येतो का, वायफाय लागते का, छपाईयंत्र ओळखते का, हे पाहून घ्यावे. पटले तर बसवावे. न पटले तर पेनड्राइव्ह काढावा, जुना कारभार जसाच्या तसा. बसवताना मात्र 'विंडोजच्या शेजारी ठेवू, की सगळी डिस्क पुसू?' असा प्रश्न येतो, तो दोनदा वाचून उत्तर द्यावे. आमच्याकडे चहाचे दोन आणि पोह्यांचा एक घाणा होईपर्यंत काम उरकले. लेखनासाठी लिबरऑफिस आणि आंतरजालासाठी फायरफॉक्स आयतेच बसलेले होते.

मऱ्हाटी अक्षरांचा वनवास

आता माझ्या खऱ्या काळजीचा विषय. आमची झाडीबोली. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिचा शब्दकोश करून मोठेच काम केले आहे. त्याच वाटेने जाऊन मीही लाखनी, साकोली, पवनी या भागांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून शब्द, म्हणी, दंडारीतली बोलणी टिपत आलो. बोडी, बांधी, रोवणी या शब्दांभोवतीचे सारे जगच त्यांच्या तोंडी होते. अशा दोन हजारांवर नोंदी या संगणकात होत्या आणि ज्यांनी त्या सांगितल्या, त्यांतल्या बऱ्याच आज्या आता हयात नाहीत. पुन्हा विचारायला जायचे तर कोणाकडे?

लिनक्सवर ती फाइल उघडली आणि पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा पालापाचोळा! कारण सांगतो. त्या काळी छापखान्यांत जे मराठी फॉन्ट चालत, त्यांत पोटात इंग्रजी अक्षरेच असत. वर फक्त मराठी मुखवटा चढवलेला असे. एका प्रचलित फॉन्टात 'राम' लिहिले, तर यंत्रात जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरे साठत. मुखवटा काढला, की राम नाहीसा. फॉन्ट शोधून लिनक्सवर बसवता आला असता, नोंदी दिसल्याही असत्या. पण त्यांत शब्द शोधता येत नाही, वर्णानुक्रम लावता येत नाही आणि फोनवर पाठवल्या तर पुन्हा पालापाचोळाच.

यावरचा उतारा म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्तीही लिनक्सच्याच साली, १९९१ मध्ये निघाली. त्यात देवनागरीला स्वतःची १२८ घरे आहेत. 'र' हा कोणत्याही यंत्रावर 'र' च राहतो. आपल्या 'ॲ' ला स्वतंत्र घर मिळायला मात्र २००८ उजाडले. रूपांतर करणारी साधने मोफत मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, ती रूपांतरात भलत्याच अक्षराला चिकटते. रफारही जागा सोडतो. लग्नाच्या पंगतीवरच्या एका नोंदीत 'आचाऱ्यांना' चे 'आचार्यांना' झाले आणि भात शिजवणारी मंडळी एका क्षणात शंकराचार्यांच्या पंक्तीला जाऊन बसली! दीड महिना रोज रात्री तासभर आम्ही बाप-लेक एकेक नोंद मूळ वहीशी ताडून पाहत होतो. 'पाणी' दिसले, की मी म्हणायचो, 'वहीत पाहा. आजीने पानीच म्हटले असणार.' आणि वहीत 'पानी' च असायचे.

खरे सांगायचे तर हे श्रेय लिनक्सचे नव्हे, युनिकोडचे. विंडोजवरही हे काम करता आलेच असते. पण घर बदलताना जसे तळघरातले सामान बाहेर काढावे लागते, तसे हे झाले. आणि नव्या घरात मराठीची सोय आधीच कोणी तरी करून ठेवली होती. कळफलकाच्या यादीत मराठी होतीच : सरकारमान्य इनस्क्रिप्टही आणि उच्चारानुसार टंकायची पद्धतही. पुण्यात मोठे केंद्र असलेल्या रेड हॅट कंपनीने 'लोहित' नावाचे मुक्त भारतीय फॉन्ट दिले. लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या टोपीचा रंग. मुंबईत 'इंडलिनक्स' या गटाने भारतीय भाषांसाठी फार लवकर कष्ट उपसले. मेनूंतले 'जतन करा', 'छापा' हे मराठी शब्द लिहिण्यातही कित्येक हौशी मराठी माणसांचा हात आहे. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. आमच्या शब्द सांगणाऱ्या आज्यांचीही नव्हती.

उणे काय?

दिवाळी अंकात नुसते गोडधोड वाढू नये म्हणून कडूही सांगतो. टॅली, फोटोशॉप यांच्या लिनक्ससाठी आवृत्त्या नाहीत. ज्यांचे पोट त्यांवर आहे, त्यांनी विंडोज शेजारी राहू द्यावे. एखादे छपाईयंत्र रुसते. काही ठिकाणी डिजिटल सहीचे साधन अडून बसते. ते आधी तपासावे. गावातल्या दुरुस्तीवाल्याला लिनक्सची ओळख असेलच असे नाही, म्हणून जवळपास एक जाणकार हेरून ठेवावा. आणि वेगाचे म्हणाल, तर जुनी डिस्क काढून नवी एसएसडी बसवली, तर फरक आणखी जाणवतो. जादू कोणतीच नाही. कल्हईने पितळेचे सोने होत नाही.

आमच्याकडे आता सौभाग्यवती त्याच संगणकावर घरखर्च मांडतात, आई कीर्तने ऐकते आणि तिला आत कोण कारभारी बसला आहे याचा पत्ताही नाही. कन्येने झाडीबोलीची फाइल आपल्या फोनवर घेतली आहे. परवा तिने वर्गातल्या पुण्याकडच्या मैत्रिणीला 'बोडी' म्हणजे काय ते तिथल्या तिथे काढून दाखवले.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत माळा झाडताना एखादा जुना संगणक हाताला लागला, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी त्याला एक संध्याकाळ द्या. त्यात आजोबांच्या आठवणी, आईच्या ओव्या, कोणाचे अर्धवट राहिलेले लेखन जुन्या फॉन्टात पडलेले असेल, तर आधी तेवढे युनिकोडात आणा. ज्यांनी ते सांगितले ती माणसे जवळ असतील, तर त्यांना शेजारी बसवून आणा. संगणकाची कल्हई मागाहून केली तरी चालेल.